धुक्याला आउटलाइन

शेखरभाऊंनी माझ्या चित्रावर पहिली रेघ मारली तेव्हा त्यांना माझं नावही ठाऊक नव्हतं. नागपुरातले फ्रीलान्स चित्रकार रविवारी सकाळी अंबाझरी तलावाच्या काठावर जमतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी गेले होते. एका बाभळीचं जलरंगातलं चित्र करून वाळत ठेवलं होतं. मागून एक हात आला, हातात काळा मार्कर होता, आणि मी मान वळवेपर्यंत बाभळीच्या खोडाला वरपासून खालपर्यंत काळी कड लागलेली होती.

"आता पाह्य कसं उठून दिसून राहिलं," हाताचे मालक म्हणाले. "मोकळं सोडलं का पळते, बाई."

बाभूळ कुठंही पळालेली नव्हती. पळून जावंसं मलाच वाटत होतं. तरी मी पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही गेले, आणि आता त्याला बरीच वर्षं झाली. लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणते आहे ती जिभेची सवय आहे. मनातल्या मनात मी त्यांना कधीच 'ते' म्हटलेलं नाही.

साठीच्या आसपासचा, उंच, काटक माणूस. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि खिशात तो मार्कर. मार्करचं टोपण चावून चावून चपटं झालेलं असल्यामुळे तो नीट बंद होत नसे, आणि प्रत्येक शर्टाच्या खिशाच्या तळाशी रुपयाएवढा काळा डाग असे. त्यांच्या पत्नी शैलावहिनी तो घासून घासून थकल्या होत्या. मार्कर कायम सोबत असला तरी कागद त्यांनी कधी आणल्याचं मला आठवत नाही. चित्रकारांच्या घोळक्यात दर रविवारी बिनकागदाचा येणारा हा एकटाच माणूस होता. त्यांना कागदाची गरज नव्हती, कारण आमचे होते.

तरुणपणी त्यांनी इतवारीतल्या छापखान्यांसाठी लग्नपत्रिकांची चित्रं केली. गणपती, डोली, सनईवाले, हातात हात दिलेले नवरा-नवरी. त्या छपाईत एकेक रंग वेगळा चढतो आणि दोन रंगांचा मेळ कधी नीट बसत नाही. मध्ये पांढरी फट राहते. ती फट झाकायला वरून जाड काळी रेघ मारायची, ही तिथली युक्ती. युक्ती चांगलीच आहे. शेखरभाऊंनी मात्र पुढे तिचं तत्त्वज्ञान केलं. "रंग म्हंजे पाणी, रेघ म्हंजे भांडं," असं ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवत. "भांडं नसंल त पाणी सांडन." फट नसलेल्या जागी फट झाकत त्यांनी उरलेलं आयुष्य काढलं.

आणि रेघ उत्तम होती, हे मला सांगावंच लागेल. कोपरापासून निघायची, न थांबता, न थरथरता. ज्याला एवढी रेघ येते त्याला दुसरं काहीही शिकावंसं वाटू नये, याचा मला जास्त राग येतो.

आमच्या रविवारची एक रीत आहे. चित्रं झाली की सगळ्यांनी ती गवतावर गोल मांडायची आणि भोवती फिरून पाहायची. बोलायचं असेल तर बोलायचं, पण दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही. हा नियम शेखरभाऊंनीच केलेला होता. तो त्यांना लागू नव्हता. ते गुडघ्यावर हात ठेवून वाकत, 'अरे अरे' असं पुटपुटत, आणि टोपण दातात धरून कामाला लागत. याला ते करेक्शन म्हणत.

एका हिवाळ्यात नितीननं तलावावरचं धुकं केलं. नितीन आमच्यातला सगळ्यात अबोल. आठवडाभर कोचिंग क्लासच्या जाहिरातींत हसऱ्या मुलांचे चेहरे चिकटवून घर चालवतो. त्या सकाळी त्यानं ओल्या कागदावर इतकं हलकं धुकं उतरवलं होतं, की पलीकडचा काठ आहे असा नुसता भास व्हावा. शेखरभाऊ वाकले आणि त्यांनी धुक्याला आउटलाइन दिली. डावीकडून उजवीकडे, वळणावळणाची, एका दमात.

"धुकं कुठं संपते हे समजाले पाहिजे न गा, नितीन."

"हाव भाऊ," नितीन म्हणाला.

मला वाटलं तो ते चित्र फाडून तलावात टाकेल. त्यानं त्याचा फोटो काढला आणि आमच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'भाऊंचा स्पर्श.' त्यावर दिवसभर अंगठे आणि जोडलेले हात पडत राहिले. या शहरात चित्रं काढणाऱ्या माणसांना कणा असतो की नाही, असा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

नंतर कळलं, की प्रश्न कण्याचा कमी आणि एकटेपणाचा जास्त आहे. आमचं सगळं काम मागच्या खोलीत चालतं. उन्हाळ्यात कूलर लावला तर कागद फुगतो आणि बंद केला तर माणूस शिजतो. घरच्यांच्या लेखी आपण घरीच असतो, म्हणजे मोकळे असतो, म्हणजे गहू निवडू शकतो. ज्यांच्यासाठी चित्र काढायचं ते फोनवर सांगतात, "मॅडम, थोडं अजून गोड करा." हल्ली तर कॉम्प्युटरनं बनवलेलं चित्र पाठवतात, सहा बोटांच्या मुलीचं, आणि म्हणतात, हेच फक्त हातानं काढून द्या. अशा आठवड्यानंतर रविवारी कुणीतरी वाकून आपल्या चित्राकडे पूर्ण एक मिनिट पाहतं. ते मिनिट मिळावं म्हणून माणसं पुष्कळ काही सोसतात.

दुसरं कारण स्कॅनर. मोठ्या कागदाचा, सपाट काचेचा स्कॅनर आमच्यापैकी फक्त शेखरभाऊंकडे होता. इतवारीतल्या घरी, वरच्या मजल्यावर, विणलेल्या रुमालाखाली तो ठेवलेला असे. कुणालाही येऊन वापरू देत, एक पैसा घेत नसत. त्याबदल्यात करेक्शन करत. दरवर्षी खंडेनवमीला वहिनी त्याची पूजा करत आणि कधीतरी कुंकू काचेच्या खालच्या बाजूला गेलं होतं. ते काही निघालं नाही. त्यामुळे आम्हा सगळ्यांच्या चित्रांच्या एका कोपऱ्यात फिकट गुलाबी डाग येई. पुण्यातल्या एका संपादिकेनं मला एकदा विचारलं होतं, तुम्ही नागपूरचे सगळे चित्रकार जेवताना काम करता का?

उड्डाणपुलाचे खांब रंगवले तेव्हाची गोष्ट तर शहराला माहीत आहे. आठ दिवस आम्ही उन्हात उभे राहून पक्षी, झाडं, संत्र्याच्या बागा रंगवल्या. शेखरभाऊ आले शेवटच्या दिवशी, काळ्या ऑइलपेंटचा डबा घेऊन. संध्याकाळपर्यंत त्यांनी सगळ्या खांबांवरच्या सगळ्या वस्तूंना कड दिली. मी हिरव्यात हिरवा मिसळलेला एक पोपट केला होता, तो पानांतून बाहेर काढून दाखवला. नेमका तेव्हाच पेपरचा फोटोग्राफर आला. दुसऱ्या दिवशी फोटोत ब्रश हातात घेतलेले शेखरभाऊ होते, आणि मागे आमच्यापैकी कुणाचा तरी कोपर होता.

अशा माणसाकडे रोशनीनं तिची चित्रं नेऊन ठेवली.

रोशनी नागपूरजवळच्या कोराडीची, दर रविवारी आमच्यात येणारी. वडील तिथल्या कोळशावरच्या वीज केंद्रात, राहणं कॉलनीत. सकाळी शाळेत मुलांना चित्रकला शिकवायची आणि दुपारी घरी येऊन स्वतःचं काम करायची. त्यांच्याकडे गच्चीवर बोट फिरवलं की बोटाला राख लागते. आई ती रोज झाडते, रोज ती पुन्हा येते. रोशनी ती चाळून डबीत भरायची आणि डिंकाच्या पाण्यात कालवून तिचा रंग करायची. फार फिका, जरा रवाळ असा करडा रंग. त्यात तिनं कॉलनीतल्या एका मुलीची सकाळ रंगवली होती: राखेनं भरलेली पानं, राखेत उमटलेली मांजराची पावलं, कोळशाच्या ट्रकमागून जाणारी शाळेची बस. पुण्याच्या एका प्रकाशनानं ते पुस्तक घेतलं. गोष्ट तिची, चित्रं तिची, मुखपृष्ठावर तिचं एकटीचं नाव. आमच्यात असं कुणाचं झालेलं नव्हतं. आमची नावं आतल्या पानावर बारीक टायपात असतात, आणि पुष्कळदा नसतात.

तिनं ती चित्रं आधी मला दाखवली. त्यात एक होतं, गच्चीवर चादर झटकणाऱ्या आईचं. चादर कुठं संपते आणि हवा कुठं सुरू होते ते कळत नव्हतं. पहाटे तिकडं खरंच कळत नाही. मी ते चित्र हातात घेऊन बराच वेळ बसले. हेवा वाटला, आणि हेवा वाटावा इतकं चांगलं काम आपल्या ओळखीच्या मुलीनं केलं याचा आनंदही झाला.

"बर्डीच्या बाजारातल्या दुकानात स्कॅन कर," मी म्हटलं. "भाऊंकडे जाऊ नको."

"दुकानवाला रोलरमधून टाकते न ताई. राख झडते," ती म्हणाली. "भाऊचाच बरा आहे. तुम्ही चला सोबत."

आम्ही गेलो तेव्हा लाइट नव्हती. कोराडीहून वीज घेणाऱ्या शहरात कोराडीची मुलगी लाइट येण्याची वाट पाहत बसली. शेवटी शेखरभाऊ म्हणाले, "ठेवून जाय न पोट्टी. लाइट आली का करून ठेवतो. रविवारी घेऊन येतो समदं." वहिनींनी फोल्डर कपाटावर ठेवलं. जिना उतरता उतरता रोशनी परत वर गेली.

"भाऊ, त्याच्यावर काही करू नका हं. राखेचं आहे ते."

"मी काय लहान आहो का वं?" शेखरभाऊ म्हणाले.

रविवारी गोल मांडायची वेळ झाली तेव्हा त्यांनी टाळी वाजवून सगळ्यांना बोलावलं. फोल्डर स्वतः उघडलं आणि एकेक चित्र गवतावर ठेवलं. सगळ्या चित्रांना काळी आउटलाइन होती. पानांना होती, मांजराच्या पावलांना होती, बसमागच्या धुरळ्यालाही होती. आईच्या हातातली चादर आता पत्र्याची वाटत होती. रेघ अचूक होती, एकाही ठिकाणी कड सोडून गेलेली नव्हती.

"स्कॅनरले काही दिसूनच नव्हतं राहिलं," ते सांगत होते. "समदं पांढरं येऊन राहिलं होतं. मी म्हटलं, पोट्टीचं पहिलं पुस्तक आहे, खराब होईन. दोन दिवस बसलो. तुमच्या वहिनीले विचारा, जेवलो नाही नीट."

स्कॅनर फिका रंग पांढरा समजून खाऊन टाकत होता, इतकंच झालं होतं. कॉम्प्युटरवर 'आपोआप उजळ करा' याच्यापुढची बरोबरची खूण काढून टाकली असती तर राख आली असती. ती खूण त्यांनी स्कॅनर घेतल्यापासून एकदाही काढून पाहिली नव्हती. यंत्र चुकलं म्हणून त्यांनी चित्र दुरुस्त केलं.

"बम भारी, भाऊ," कुणीतरी म्हणालं. दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. ती माणसं कोण होती ते मला माहीत आहे, आणि त्यांच्याशी मी आजही जेवढ्यास तेवढंच बोलते.

रोशनी गुडघ्यावर बसली. तिनं बोट जिभेला लावून चादरीच्या कडेवर फिरवलं. राख थोडी निघाली, रेघ तशीच राहिली.

"हे वॉटरप्रूफ आहे न भाऊ?"

"हाव. पावसात टाक, हलणार नाही." हे त्यांनी अभिमानानं सांगितलं.

"तुम्ही पाहिलं होतं का हे?"

"काय?"

"चित्र."

"म्हंजे? दोन दिवस त तेच पाहून राहिलो न मी," ते हसत म्हणाले आणि बाकीच्यांकडे पाहू लागले.

तिनं चित्रं गोळा केली, फोल्डरमध्ये भरली आणि कोराडीची बस धरायला निघून गेली. ती रडली नाही, ओरडली नाही. मी मात्र बोलले. इतक्या वर्षांचं साठलेलं सगळं बोलले, बाभळीपासून पोपटापर्यंत. शेखरभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सुनीताबाई, तुम्ही गरम होऊन राहिल्या," ते म्हणाले. "आज नाही समजणार तिले. एक दिवस आभार मानन." बाकीचे मला बाजूला घेऊन सांगत राहिले, की ताई, त्यांचा हेतू चांगला होता. तेव्हापासून चांगल्या हेतूचा मला तिटकारा आहे. वाईट हेतूचा माणूस निदान आपल्या पाठीमागे काम करतो. चांगल्या हेतूचा माणूस टाळी वाजवून सगळ्यांना बोलावतो, आणि वर आभाराची वाट पाहतो.

प्रकाशनाची संपादिका समजूतदार निघाली. तिनं मुदत वाढवून दिली आणि रोशनीनं सगळी चित्रं पुन्हा करायला घेतली. राखेला काही तोटा नव्हता. मी अधूनमधून कोराडीला जात असे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती बसलेली असायची, आई बाजूला भाजी चिरत असायची. हळूहळू सगळी चित्रं जमली. मांजराची पावलं तर पहिल्यापेक्षा चांगली झाली. चादरीचं चित्र तेवढं जमलं नाही. तिनं ते पुन्हा पुन्हा केलं आणि दर वेळी चादर ही चादरच राहिली. शेवटी तिनं हात टेकले.

एका दुपारी चहा घेताना ती मला म्हणाली, "ताई, मले एकच गोष्ट समजत नाही. त्याईनं ते चित्र पाहिलं होतं का? पाहून केलं असंल त ठीक आहे, त्याईची अक्कल तेवढी. पण न पाहताच केलं असंल त मी त्याईच्यासाठी आहोच नाही. मंग रविवारी मी कोनाले दाखवून राहिली होती इतके दिवस?"

आमच्यापैकी प्रत्येकाला हा प्रश्न पडायला हवा होता आणि तो एकटीला पडला होता.

पुस्तक निघालं. डाव्या पानावर ओळ आहे, 'आई गच्चीवर चादर झटकते.' उजवं पान कोरं आहे. संपादिकेला ते कोरं पान आवडलं होतं, आणि आमच्या ग्रुपवर तर त्याचा फारच बोलबाला झाला. काय धाडस, काय मौन, राखेत सगळं नाहीसं होतं याचं काय सूचक चित्रण. त्या गवतावर उभं राहून ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांनीच हे लिहिलं. ते पान कोरं का आहे हे त्यांना माहीत होतं, आणि लिहिताना ते खरोखर विसरले होते, असं मला वाटतं.

शेखरभाऊंनी पुस्तक चाळलं. कोऱ्या पानावर ते थांबलेसुद्धा नाहीत. "फिक्कं आहे," ते म्हणाले. "छापखान्यानं शाई वाचवली."

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांच्या रेघा सरकू लागल्या. एका शाळेच्या कुंपणावर आम्ही चित्रं केली आणि नेहमीप्रमाणे शेवटी त्यांनी कड दिली. पण कड रंगावर बसेना. सगळीकडे बोटभर उजवीकडे. फुलपाखरू एकीकडे आणि त्याची आउटलाइन दुसरीकडे, जुन्या लग्नपत्रिकांवर व्हायचं तसं. आमच्या मंडळींनी मान वाकडी करून पाहिलं आणि भाऊंची नवी शैली म्हणून त्याचं कौतुक केलं. दोघांनी तर तसं करायलाही सुरुवात केली.

शैलावहिनींनीच शेवटी त्यांना रामदासपेठेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगला पिकलेला. "किती दिवसांचं अंगावर काढलं, काय सांगू," वहिनी फोनवर म्हणाल्या. "चहात पडलेली माशी दिसत नव्हती त्याईले. मी म्हटलं का डॉक्टरकडे चला, त म्हणत उजेड कमी आहे घरात."

ही बातमी ग्रुपवर आली आणि सगळे गहिवरले. म्हणजे भाऊंना दिसतच नव्हतं. म्हणून फिका रंग त्यांना कोरा वाटायचा, म्हणून आउटलाइन. बिचारे भाऊ. सगळ्यांना सगळं एकदम समजलं आणि सगळ्यांनी सगळं माफ केलं. नितीननं तर आपलं धुक्याचं चित्र पुन्हा टाकलं आणि खाली लिहिलं की आज या रेघेचा अर्थ कळला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मी रोशनीला फोन केला आणि म्हटलं, बघ, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्यांनी पाहिलंच नव्हतं. पाहूच शकत नव्हते.

ती म्हणाली, "दिसत नव्हतं त रेघ बरोबर काठावरून कशी गेली ताई?"

दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली, पट्ट्या निघाल्या, थेंब टाकायचे दिवसही सरत आले. मग आम्ही तिघं, मी, नितीन आणि रोशनी, एका दुपारी त्यांना भेटायला गेलो. रोशनी येईल असं मला वाटलं नव्हतं. ती आली, आणि पिशवीत पुस्तक घेऊन आली.

शेखरभाऊ खिडकीजवळच्या खुर्चीत काळा चष्मा लावून बसले होते. शर्टाच्या खिशात मार्कर होता. स्कॅनर रुमालाखाली होता.

"या, या. आता बम साफ दिसून राहिलं," ते म्हणाले. "सुनीताबाई, तुम्ही म्हाताऱ्या झाल्या वं. मले माहीतच नव्हतं."

वहिनी चहा आणता आणता म्हणाल्या, "दोन दिवस झाले, भिंतीले रंग कधी मारला म्हणून विचारून राहिले. भिंत तेच आहे."

"आता येऊ द्या रविवार," शेखरभाऊ म्हणाले. "आतापर्यंत त अंदाजानं चाललं होतं. आता तुमच्या समद्या चुका दिसतीन मले."

मी नितीनकडे पाहिलं. तो हसत होता. दहा मिनिटांपूर्वी जिन्यात माझ्या मनात जी थोडी दया होती ती चहाबरोबर संपली. एखाद्या माणसाला नवे डोळे मिळावेत आणि त्यातून त्यानं आमच्या चुका पाहायचं ठरवावं, हे त्यांनाच जमावं.

रोशनीनं पुस्तक काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं. "भाऊ, आता पाहा."

त्यांनी चष्मा काढला. पान उलटलं. मग बोलणं थांबलं. ते एकेक पान फार हळू पाहत होते, नाक कागदाजवळ नेऊन, मग लांब धरून. मांजराच्या पावलांवरून त्यांनी बोट फिरवलं. हा माणूस एखाद्या चित्रासमोर गप्प बसलेला मी पहिल्यांदा पाहिला. कोरं पान आलं तसे ते थांबले. डाव्या पानावरची ओळ वाचली.

"हे काहून कोरं?"

"तुम्हाले माहीत आहे," रोशनी म्हणाली.

वहिनी रिकाम्या कपांचा ट्रे घेऊन दारात तशाच उभ्या राहिल्या. शेखरभाऊंनी खिशातून मार्कर काढला आणि टोपण दातात धरलं. मी त्यांचं मनगट धरायला पुढे झाले. रोशनीनं माझ्याकडे पाहून 'नको' अशी मान हलवली.

त्यांनी आईच्या खांद्यापासून सुरुवात केली. खांदा, पाठीचा बाक, उचललेली डावी टाच. मागची तार, तारेवर एकटाच अडकलेला चिमटा. पाण्याच्या टाकीच्या झाकणावर ठेवलेली वीट. ती वीट मी विसरले होते. कठड्याला एका जागी पडलेला टवका, तोही आला. एकदाही न अडखळता ते सगळं चित्र कागदावर उतरत होतं, जसं होतं तसं. शेवटी चादर आली. चादरीच्या कडेशी हात थांबला. मी पाहत होते. एवढी कड मोकळी सोडली असती तर मी या माणसाचं सगळं विसरले असते. हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी कड पुरी केली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, छान गोलाई देऊन. आणि खाली नेहमीसारखी सही केली, 'शेखर', शेपटी ओढून.

"घे," ते म्हणाले. "आता पूर्ण झालं तुह्यं पुस्तक."

रोशनी चित्राकडे पाहत राहिली. विटेकडे, टवक्याकडे.

"म्हंजे पाहिलं होतं तुम्ही," ती म्हणाली.

"मंग काय त," शेखरभाऊ म्हणाले.

"भाऊ, सही खोडा."

शेखरभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग हातातल्या मार्करकडे. करेक्शन आजवर त्यांनीच सांगायचं आणि दुसऱ्यानं ऐकायचं. ते पुन्हा पुस्तकावर वाकले आणि त्यांनी सही खोडली. मन लावून, नीट, एकाही अक्षराचं टोक वर राहू नये अशी. मग जरा मागं होऊन नव्या डोळ्यांनी त्या काळ्या डागाकडे पाहिलं, आणि थोडी जागा सोडून त्याच्याभोवती एक बारीक चौकट मारली.